‘सिद्धार्थ’ आणि सहाव्या प्रकरणातला एक शब्द

हेरमान हेसे यांची जर्मन कादंबरी ‘सिद्धार्थ’ 1922 साली बर्लिनहून प्रसिद्ध झाली. लेखकाची आई केरळातल्या तलश्शेरीची, तिच्या वडिलांनी रचलेला मल्याळम कोश 1872 चा. लेखकाचा 1911 चा प्रवास मात्र श्रीलंका, सुमात्रा, सिंगापूर अशा ठिकाणी झाला, मुख्य भारतात नाही. पुस्तकातला भारत घरातून आणि ग्रंथांतून आलेला आहे. लेखन 1919 च्या हिवाळ्यात सुरू झालं, मधे सुमारे दीड वर्ष अडलं. मूळ उपशीर्षकात ‘भारतीय दिख्टुंग’ असं आहे, म्हणजे काव्य, पण गद्यही चालेल असं. ‘कादंबरी’ हा शब्दच बाणभट्टाच्या गद्यकाव्यावरून घेतलेल्या मराठीला हे परकं वाटू नये.

जगभर पुस्तक पसरलं ते 1951 च्या न्यूयॉर्कच्या इंग्रजी भाषांतरामुळे. खरी अडचणही तिथेच सुरू होते. सहाव्या प्रकरणाच्या मूळ नावात ‘किंडरमेन्शन’ हा जोडशब्द आहे: किंडर म्हणजे मुलं, मेन्शन म्हणजे माणसं. इंग्रजीत शीर्षक झालं नुसतं ‘लोकांमध्ये’. मूल गळालं. ही किरकोळ काटछाट नव्हे, कारण नायकाचं, म्हणजे सिद्धार्थ नावाच्या ब्राह्मणपुत्राचं (हा बुद्ध नव्हे), आयुष्य याच शब्दावरून मोजलेलं आहे. सहाव्या प्रकरणात पैशासाठी, मानासाठी धडपडणाऱ्या या माणसांकडे तो वरून पाहतो. सातव्यात त्यांचा हेवा करतो, कारण त्यांना जीव लावता येतो. दहाव्यात स्वतःच्या मुलापायी दुःखाने पोळून तो स्वतःच ‘किंडरमेन्श’ होतो. अकराव्यात, तो नावाडी झालेला असताना, नावेत बसणारी तीच माणसं त्याला भावंडांसारखी वाटतात. शब्द बदलत नाही, पाहणारा बदलतो. 2000 च्या आसपास आणि नंतर आलेल्या नव्या इंग्रजी भाषांतरांपैकी काहींनी तो जोडशब्द परत आणला, ते योग्यच झालं.

मराठीत ‘सामान्य माणसं’ म्हटलं की चढउतार सपाट होतो. ‘पोरकट’मध्ये तुच्छता कायमची चिकटते, मग अकरावं प्रकरण खोटं वाटतं. ‘लेकरं’मध्ये माया सुरुवातीलाच येते आणि सहावं प्रकरण बिघडतं. ‘पोरं’ त्यातल्या त्यात चालतो: ‘पोरंच आहेत’ हे आपण हिणवूनही म्हणतो आणि पोटात घालूनही.

इंग्रजीवरून केलेलं भाषांतर वाचत असाल तर आधी सहाव्याचं शीर्षक पाहावं. मग सातव्या, दहाव्या आणि अकराव्या प्रकरणांत तोच शब्द सापडतो का, ते शोधावं. वेगवेगळे शब्द आढळले तर त्या चारही जागी पेन्सिलीने एकच खूण करून वाचावं.