विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात शिरत नाही

‘शाळेत आत्महत्येविषयी बोलले की मुलांच्या डोक्यात नको तो विचार शिरतो’ हा समज सांगली-मिरजेच्या पालकांमध्येही वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यामागे काळजीच आहे. मात्र ज्याच्या मनात असा विचार आधीच असतो, तो विद्यार्थी बहुधा तो लपवतो आणि कोणी शांतपणे विचारले तर त्याला बोलण्याची वाट मिळते. युरोपातील १० देशांच्या १६८ शाळांमधील, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जेथे विद्यार्थ्यांशी ताण, नैराश्य व आत्महत्या यांवर मोकळी चर्चा झाली, तेथे वर्षभरानंतर आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा जवळपास निम्मे आढळले. बोलण्याने धोका वाढत असता, तर आकडे उलटे दिसले असते. खात्रीसाठी १४४१६ या शासकीय मोफत क्रमांकावर समुपदेशकांना मराठीतूनच विचारता येते. आत्महत्येच्या पद्धतींचे तपशील मात्र मुलांपुढे मांडू नयेत, ही खबरदारी खरी आहे.