४२९४९६७२९७

४२९४९६७२९७ (चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव) ही दहा अंकी विषम संयुक्त संख्या आहे. २^३२ मध्ये १ मिळवला की ती येते. द्विमान पद्धतीत लिहिली तर दोन टोकांना १ आणि मध्ये ३१ शून्ये. गणितात ती पाचवी फर्मा संख्या म्हणून ओळखली जाते (मोजणी शून्यापासून). तिचे महत्त्व मात्र तिने खोटा पाडलेल्या एका अंदाजामुळे आहे.

२ चा घातांक स्वतःच २ चा घात असेल आणि त्यात १ मिळवला, तर ३, ५, १७, २५७, ६५५३७ अशा संख्या मिळतात; याच फर्मा संख्या. या पाचही मूळ आहेत. त्यावरून पुढच्या सगळ्याही मूळच असाव्यात असे फ्रेंच गणितज्ञ पिएर द फर्मा याला सतराव्या शतकात वाटले. गोल्डबाख या गणितज्ञाने १७२९ मध्ये हा प्रश्न गणितज्ञ ऑयलरच्या कानावर घातला आणि १७३२ मध्ये ऑयलरने उत्तर दिले:

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

यात नशिबाचा भाग थोडाच. या संख्येचा कोणताही मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवून येणारा असावा लागतो, हे ऑयलरने दाखवले. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. म्हणजे पाचव्याच भागाकाराला काम फत्ते!

एकदा ६४१ हाती आला की मोठा भागाकारही करावा लागत नाही. ६४१ = ५ × २^७ + १, म्हणून ६४१ ने भागताना ५ × २^७ ची किंमत −१ धरता येते. चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १ येते. शिवाय ६४१ = ५^४ + २^४, तेव्हा ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येतो. मग −२^३२ ची बाकी १, म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो.

गंमत अशी, की फर्माच्याच छोट्या प्रमेयाची कसोटी (p मूळ असेल तर पाया^p ला p ने भागल्यावर बाकी पायाइतकीच उरते) २ हा पाया घेऊन लावली तर ही संख्या मूळ असल्यासारखी वागते. पाया ३ घेतला की बिंग फुटते.

दोन्ही अवयव मूळ असल्याने तिला चारच विभाजक आहेत. दोन वर्गांची बेरीज म्हणून ती दोनच प्रकारे लिहिता येते: ६५५३६² + १² आणि ६२२६४² + २०४४९². नुसत्या दुसऱ्या जोडीवरूनही ती मूळ नसल्याचे सिद्ध होते, कारण विषम मूळ संख्येला अशी फार तर एकच जोडी असते.

बाजूंची संख्या विषम असेल तर सुसम बहुभुज पट्टी व कंपासने काढता येण्यासाठी ती वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असावी लागते, म्हणून ४२९४९६७२९७ बाजूंचा बहुभुज असा काढता येत नाही. तिच्याहून २ ने लहान असलेली ४२९४९६७२९५ ही वरील पाच मूळ संख्यांचा गुणाकार आहे. तितक्या बाजूंचा बहुभुज, निदान तत्त्वतः, काढता येतो.