भरताच्या ताटलीची डगमग

मागच्या हिवाळ्यात यावल तालुक्यातल्या एका मळ्यात भरीत पार्टी होती. जेवणे आटोपल्यावर भाच्याने स्टीलची रिकामी ताटली गरकन फिरवून हवेत उडवली, तेव्हा काठाला चिकटलेला भरताचा ठिपका सावकाश फिरताना आणि ताटली त्याहून भराभर डगमगताना मला दिसली. बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवणे आणि त्यांच्यासाठी प्रयोग रचणे हे माझे काम आहे, पण दोन वर्षांत मला एकही नवा प्रयोग सुचला नव्हता. त्या दिवशी मात्र मोबाइलवर स्लो मोशन चित्रण करत मी ती ताटली अंधार पडेपर्यंत उडवायला लावली.

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांची हकिकत अशीच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कॉर्नेल विद्यापीठात असताना त्यांचे मन संशोधनावरून उडाले होते. महत्त्वाचे काही करण्याचा हट्ट सोडून त्यांनी भौतिकशास्त्राशी नुसते खेळायचे ठरवले. कँटीनमध्ये कोणीतरी उडवलेल्या बशीचे गणित त्यांनी केवळ मजेसाठी सोडवले आणि त्याच ओघात ते इलेक्ट्रॉनच्या प्रश्नांकडे वळले. त्या कामासाठी १९६५ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले.

डगमग फिरकीच्या दुप्पट का असते? ताटलीचे वजन तिच्या मध्यातूनच ओढत असल्याने हवेत तिला वळवणारे बाहेरचे बल जवळजवळ नसतेच, म्हणून तिचा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, दिशेसकट कायम राहतो. या संवेगाला व्यासाभोवतीच्या जडत्व आघूर्णाने, म्हणजे उलटण्याला होणाऱ्या विरोधाने, भागले की डगमगीचा वेग मिळतो; मध्यातून जाणाऱ्या उभ्या आसाभोवतीच्या आघूर्णाने भागले की फिरकीचा. सपाट ताटलीच्या एखाद्या कणाचे उभ्या आसापासूनचे अंतर काढताना आडव्या दोन्ही दिशांचे वर्ग मिळवावे लागतात, व्यासापासूनचे काढताना एकच वर्ग पुरतो. आणि ताटली गोल असल्याने दोन्ही दिशांच्या बेरजा सारख्याच भरतात. म्हणून ताटली थोडीशीच कललेली असेल, तर ठिपक्याच्या एका फेरीत दोन डगमगी होतात. आठवण सांगताना खुद्द फाइनमन यांनी हे प्रमाण उलटे सांगितले आहे.

खेळ आटतो कसा, याचे उत्तर मेंदूशास्त्रज्ञ याक पँकसेप यांच्या उंदरांवरील प्रयोगांत सापडते. पिंजऱ्यात मांजराचे थोडे केस ठेवले की पिलांची झोंबाझोंबी थांबते आणि केस काढून घेतल्यावरही काही दिवस ती पूर्ववत होत नाही. प्रवेश परीक्षेच्या धाकाखालचा वर्ग पाहताना मला हा प्रयोग नेहमी आठवतो. अशा वेळी पालक मुलांना ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’च्या वर्गाला, म्हणजे मेंदूचा मधला भाग जागा करून डोळे बांधून वाचता येते असा दावा करणाऱ्या वर्गाला, पाठवतात, तेव्हा वाईट वाटते. डोळ्यांवर पट्टी बांधलेले मूल नाकाजवळच्या फटीतून वाचते, त्यात मेंदू जागा होण्याचा काहीही संबंध नाही, आणि मुलाला मात्र खोटे बोलण्याचे शिक्षण मिळते.

आमच्या ताटलीला उभा काठ आहे, त्यामुळे प्रमाण दोनापेक्षा किंचित कमी भरायला हवे. परातीचा काठ आणखी उंच. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बहिणी माहेरी आल्या, झोके बांधले गेले, की अंगणात गादी अंथरून भाच्याबरोबर परात उडवायची आणि डगमगी मोजायच्या, असे ठरले आहे.