साधं इंजिन, टर्बो इंजिन: ट्रकच्या बदलाची पार्श्वभूमी

कळंबोलीच्या स्टील मार्केटातून कॉइल भरून निघालेला ट्रेलर असो की वाशीच्या एपीएमसीत कांदा उतरवून परत निघालेला दहाचाकी, आजच्या नव्या ट्रकच्या इंजिनावर टर्बो, म्हणजे हवा दाबून भरणारं यंत्र, असणारच. चाळीस वर्षांपूर्वी याच रस्त्यांवर चित्र नेमकं उलटं होतं. पिस्टन खाली येताना जेवढी हवा आपसूक ओढली जाईल, तेवढ्यावरच बहुतेक इंजिनं चालत. गॅरेजच्या भाषेत ‘साधं इंजिन’.

डिझेल इंजिनाची ताकद शेवटी हवेवर अडते. डिझेल वाढवायला काय, पंपाचा स्क्रू फिरवला की झालं. पण ते जळायला हवा पुरली नाही तर ताकदीऐवजी काळा धूर मिळतो. टर्बो सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूच्या जोरावर एक चाक फिरवतो आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचं चाक हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतं. ही युक्ती जुनीच. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युशी यांनी १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पण तिला पहिलं मोठं काम मिळालं ते समुद्रावर. १९२०च्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांची इंजिनं टर्बोमुळे १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. ट्रकमध्ये टर्बो रुळायला आणखी बराच काळ गेला. व्होल्वोने १९५४ मध्ये टायटन ट्रकचं इंजिन टर्बो लावून १५० वरून १८५ अश्वशक्तीवर नेलं.

त्याच १९५४ साली टेल्कोने (आजच्या टाटा मोटर्सने) डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले, अर्थात साध्या इंजिनाचे. पुढे कैक वर्षं आपल्याकडे तेच चाललं. याला मागासलेपण म्हणणं मला पटत नाही. तो सरळ हिशेब होता. साधं इंजिन स्वस्त, कुठलाही मिस्त्री उघडून बसवणार, ऑइल बदलायला उशीर झाला तरी सहन करणार. टाटाच्या गाड्यांवरचे आकडेच बघा. १२१० म्हणजे साधारण १२ टन एकूण वजन आणि १०० अश्वशक्ती. एवढ्या ताकदीवर, त्यातही ओव्हरलोड करून, गाड्या कसारा घाट चढत. खालच्या गिअरात, धूर सोडत, मागे रांग लावून. त्यात इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. तिथे हवा पाच-सहा टक्क्यांनी विरळ, म्हणजे साध्या इंजिनाची ताकदही साधारण तेवढीच कमी. टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो.

हिशेब बदलला तो १९८९ मध्ये न्हावा शेवाचं बंदर सुरू झाल्यावर. जड कंटेनर ठरल्या वेळेत पोचवायचा तर शंभर-सव्वाशे अश्वशक्तीचं इंजिन धापा टाकणार. १९९३ मध्ये टाटा-कमिन्स ही भागीदारी झाली आणि ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं बी-सीरिज इंजिन जमशेदपूरला बनू लागलं. बाहेरच्या बाजारांत हे इंजिन साधं आणि टर्बो अशा दोन्ही रूपांत मिळे. बोअर (सिलिंडरचा व्यास) १०२ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) १२०, दोन्हीकडे तेच. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की फरक फक्त त्या गोगलगायीसारख्या दिसणाऱ्या भागाचा.

तसं नसतं. टर्बो इंजिनात जास्त हवा आणि जास्त डिझेल जळतं, म्हणजे उष्णताही जास्त. म्हणून पिस्टनच्या बुडावर ऑइलचा फवारा मारणारे नोझल लागतात, ऑइल कूलर मोठा लागतो, पिस्टन, रिंगा आणि व्हॉल्व्हही त्या तापमानाला टिकतील असे लागतात. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन हवा किती पट दाबतो ते प्रमाण, सहसा थोडं कमी ठेवतात, नाहीतर आतला दाब हेड गॅसकेटच्या (इंजिनाच्या डोक्याखालच्या सीलच्या) जिवावर उठतो. टर्बोचा दाब तयार होण्याआधीच जास्त डिझेल सुटून धूर होऊ नये, म्हणून जुन्या पंपांवर दाबाच्या इशाऱ्याने चालणारा डायफ्रॅम (लवचिक पडदा) बसवलेला असे. भंगारातून टर्बो आणून साध्या इंजिनावर चढवणारे यातलं काहीच बदलत नाहीत. गाडी काही महिने झकास ओढते, मग पिस्टन वितळतो नाहीतर गॅसकेट उडतं.

ड्रायव्हरच्या सवयीही बदलाव्या लागल्या. घाट चढून आल्या आल्या चावी बंद केली तर टर्बोच्या तापलेल्या बेअरिंगमधलं ऑइल जागीच जळून कोळसा होतं. दोन-तीन मिनिटं आयडलवर (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू) ठेवायचं, मग बंद. साध्या इंजिनावर हात बसलेल्यांना हे डिझेल वाया घालवणं वाटे.

तरीही साध्या इंजिनाला ट्रकमधून खऱ्या अर्थाने हुसकावलं ते धुराच्या नियमांनी, असं माझं मत. टर्बोने दाबलेली हवा तापते. ती इंटरकूलरमधून थंड करून दिली की जास्त भरते आणि ज्वलनाचं तापमानही आवाक्यात राहतं. धूर आणि नायट्रोजनचे ऑक्साइड दोन्ही एकदम कमी करायचे तर साध्या इंजिनाच्या हातात फारसं काही नव्हतं. भारत स्टेज (बीएस) या धुराच्या नियमांच्या पायऱ्या महानगरांत आधी आणि देशभर नंतर आल्या; बीएस-४ देशभर १ एप्रिल २०१७ ला, बीएस-६ १ एप्रिल २०२० ला. डिझेलमधलं सल्फर बीएस-४ ला दशलक्षात ५० भाग होतं, बीएस-६ ला १० वर आलं.

साधं इंजिन आता जनरेटरवर आणि लहान ट्रॅक्टरवर दिसतं. जुन्या ट्रकचा टँकर करून जवळच्या जवळ पाणी पोचवायचं असेल तर तिथेही ते चालतं. फेरी दोन-चार किलोमीटरची, घाट नाही, आणि बिघडलं तर कोपऱ्यावरचा मिस्त्री दुपारपर्यंत चालू करून देतो.