पाण्याचे गाळण आणि लेश धातूंचे मापन

नदी, विहीर किंवा समुद्राच्या पाण्यात शिसे, तांबे, जस्त, कॅडमियम यांसारखे धातू लेशमात्र असतात. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम, पुष्कळदा त्याहूनही कमी. नमुना गाळला की नाही, कशातून गाळला आणि कधी गाळला, यावर प्रयोगशाळेत मिळणारा आकडा ठरतो. कधीकधी तर यंत्राच्या अचूकतेपेक्षा गाळणीचाच परिणाम मोठा असतो.

रूढ संकेत असा, की ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांच्या फिल्टरमधून खाली उतरलेल्या पाण्यातला धातू 'विरघळलेला' आणि वर अडकलेला 'निलंबित'. ही सीमा निसर्गाची नाही, माणसाने सोयीसाठी आखलेली आहे. कलिल कण, म्हणजे विरघळत नाहीत पण तळाशीही चटकन बसत नाहीत असे सूक्ष्म कण, साधारण १ नॅनोमीटर ते १ मायक्रोमीटर एवढे असतात. लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे, चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण, कुजलेल्या पाल्यातली ह्युमिक द्रव्ये, आणि या सगळ्यांना चिकटलेले शिसे किंवा तांबे यांतला बराचसा भाग त्या छिद्रांतून सहज पार होतो. अहवालात मात्र तो विरघळलेला म्हणूनच नोंदला जातो. सागरी लेशधातूंच्या 'जिओट्रेसेस' या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात ०.२ मायक्रोमीटरचा फिल्टर सर्रास वापरतात, म्हणून तिथले आकडे नदीच्या आकड्यांशेजारी मांडताना सावध राहावे लागते.

गढूळ पाण्यात गुंतागुंत आणखी वाढते. पुराचे पाणी फिल्टरवर ओतले की पहिले काही मिलिलिटर भराभर उतरतात. मग पटलावर गाळाचा तपकिरी थर बसतो, धार मंदावते आणि थेंब थेंब पाणी गळू लागते. आता गाळण्याचे काम छिद्रांबरोबर तो थरही करत असतो, त्यामुळे आधी सुटून जाणारे कलिल कणही अडकतात. साहजिकच एकाच बाटलीतल्या पाण्याच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या भागांत लोह, ॲल्युमिनियम वेगवेगळे भरतात. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील आर्थर होरोविट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९२ आणि १९९६ च्या निबंधांत हे दाखवून दिले: फिल्टरचा प्रकार, व्यास, गाळलेल्या पाण्याचे आकारमान आणि त्यातला गाळ, यांपैकी काहीही बदलले तरी 'विरघळलेल्या' धातूचा आकडा बदलू शकतो. मोठ्या पृष्ठफळाचे कॅप्सूल फिल्टर लवकर तुंबत नाहीत, एवढ्यासाठी तरी ते वापरावेत.

गाळणी आकडा वाढवूही शकते. फिल्टर, नळी, हातमोजे, हवेतली धूळ, कशातूनही जस्त किंवा शिसे पाण्यात उतरते. १९९१ साली हर्बर्ट विंडम आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पूर्व भागातील नद्यांचे नमुने काटेकोर स्वच्छतेने घेतले, तेव्हा राष्ट्रीय निरीक्षण जाळ्याने वर्षानुवर्षे नोंदलेले आकडे कितीतरी चढे असल्याचे दिसले. चढ होता तो हाताळणीतल्या दूषणाचा. त्यानंतर तिथे नमुने घेण्याची पद्धतच नव्याने बांधावी लागली. फिल्टर आधी धुऊन घेणे आणि शुद्ध पाणी त्याच साहित्यातून गाळून 'कोरा नमुना' तपासणे, ही कामे कंटाळवाणी वाटली तरी टाळण्याजोगी नाहीत.

बोअरवेलच्या पाण्यात प्रश्न वेळेचा असतो. ऑक्सिजनविरहित थरातले पाणी वर येते तेव्हा नितळ दिसते. हवा लागली की त्यातले फेरस, म्हणजे विरघळलेल्या रूपातले, लोह ऑक्सिडीकरण पावते, बाटलीत तांबूस साका धरतो आणि आर्सेनिकही त्याच साक्यात अडकून बसते. असा नमुना प्रयोगशाळेत नेऊन गाळला तर आर्सेनिक फिल्टरवरच राहते आणि विहीर आहे त्यापेक्षा सुरक्षित भासते. बंगालच्या त्रिभुज प्रदेशात, जिथे आर्सेनिकयुक्त भूजल प्यायले जाते, तिथे ही चूक जिवाशी खेळ ठरेल. म्हणून पंपाला जोडलेल्या फिल्टरमधून जागेवरच गाळावे आणि मग नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणावा. हा क्रम उलटला, म्हणजे आम्ल आधी घातले, तर गाळाला चिकटलेले धातू सुटून पाण्यात येतात आणि विरघळलेल्याचा आकडा फुगतो.

काय गाळू नये, तेही ठरलेले आहे. अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ पासून जलचरांच्या संरक्षणासाठी विरघळलेला धातू मोजण्याची शिफारस केली, कारण माशांच्या कल्ल्यांना बाधतो तो मुख्यतः तोच. पण पिणारा माणूस पाण्यासोबत कणही गिळतो. नळाच्या पाण्यातले शिसे तपासताना नमुना न गाळता एकूण धातूच मोजावा. गोव्यात खाणींची माती वाहून आणणाऱ्या मांडवी आणि झुआरी नद्यांतून वाहणाऱ्या धातूंचा भार काढायचा असेल, तर गाळलेला आणि न गाळलेला असे दोन्ही नमुने हवेत. तिथले बहुतेक लोह कणांतूनच वाहते.