वीज खरोखर गेली, की नियंत्रक रीसेट झाला?

चवथ जवळ आली की मखरांच्या जाळीकामासाठी घरच्या कार्यशाळांतली सीएनसी (संगणकाच्या हुकमाने कोरणारी) यंत्रे रात्री उशिरापर्यंत चालतात, आणि दरवर्षी तीच तक्रार कानी येते: अर्धी नक्षी कोरून झाल्यावर यंत्र थांबले, पडद्यावर ‘वीजपुरवठा खंडित’ असे आले, म्हणून स्टॅबिलायझर बसवला, तरी थांबणे थांबले नाही. पावसाळ्यात गोव्यात वीज जाते हे कोणाला सांगायला नको. पंखा थांबला, वाड्यावर अंधार झाला, तर वीज गेली. त्यात शोधण्यासारखे काही नाही. घोळ होतो तो दिवा जळत असताना आलेल्या संदेशाचा.

हा संदेश बहुधा वीज मोजून दिलेला नसतो. तो संगणकाने बांधलेला तर्क असतो. अनेक घरगुती यंत्रांत यंत्राची हालचाल चालवणारी जीआरबीएल ही प्रणाली असते, आणि ती ज्यात चालते तो नियंत्रक (छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) नव्याने सुरू झाला की आपले नाव व आवृत्ती सांगणारी एक ओळ संगणकाकडे पाठवतो. काम चालू असताना ती ओळ आली, की प्रोग्राम वीज गेली असावी असे धरून चालतो. प्रत्यक्षात राऊटरच्या (बिट, म्हणजे कोरणारे पाते, फिरवणाऱ्या मोटरच्या) कार्बन ब्रशांपाशी उडणाऱ्या ठिणग्यांचा विद्युत गोंगाट रीसेटच्या तारेत शिरला तरी नियंत्रक नव्याने सुरू होतो. यूएसबीचा संपर्क तुटून पोर्ट पुन्हा उघडला, तर आर्डुइनो उनोसारखा बोर्ड आपोआप रीसेट होतो. अशा वेळी स्टॅबिलायझरचा काडीचाही उपयोग नसतो. तो व्होल्टेज वरखाली सावरतो, पण वीज साठवत नाही, त्यामुळे खरोखरच्या खंडातही तो यंत्र चालू ठेवू शकत नाही.

म्हणून खरेदीआधी तीच फाइल तीनदा चालवून पाहावी: एकदा राऊटर बंद ठेवून, एकदा राऊटर चालू पण बिट लाकडाच्या वर हवेत ठेवून, आणि शेवटी प्रत्यक्ष लाकडात. पहिल्याच वेळी यंत्र थांबले तर केबल, लॅपटॉपची झोपी जाण्याची सवय, किंवा खाऱ्या हवेने हिरवी पडलेली जोडणी तपासावी. हवेत थांबले तर संशय गोंगाटावर घ्यावा, आणि फक्त लाकडात थांबले तर भाराने दबणाऱ्या व्होल्टेजवर किंवा कंपनाने सैल झालेल्या स्क्रूवर. मग राऊटर वेगळ्या सर्किटच्या सॉकेटवर लावून पुन्हा पाहावे. राऊटरची वायर आणि यूएसबी केबल एकाच वेटोळ्यात बांधलेली दिसली की मला राहवत नाही. त्या दोन्ही दूर ठेवाव्यात, यूएसबी केबल आखूड व गोंगाट दाबणारा फेराइट मणी असलेली घ्यावी, आणि अर्थिंग खरोखर जोडलेले आहे याची खात्री करावी. धूळ ओढणाऱ्या प्लास्टिक नळीतली स्थिर वीजही असाच घात करते, मात्र ती दमट आषाढापेक्षा कोरड्या हवेच्या दिवसांत अधिक जाणवते.

याच्या उलट प्रकार अधिक घातक आहे. काही बोर्डांच्या नियंत्रकाला यूएसबीतूनच ५ व्होल्ट मिळतात, तर बिट पुढे-मागे सरकवणाऱ्या मोटरींचा पुरवठा वेगळा असतो. तो पुरवठा क्षणभर दबला तर नियंत्रकाला पत्ताच लागत नाही. तो पावले मोजत राहतो, मोटरी मात्र ती चालत नाहीत. या साध्या स्टेपर (पावलापावलाने फिरणाऱ्या) मोटरी आपली जागा परत कळवत नाहीत, त्यामुळे संदेश येत नाही, नक्षी मात्र सरकते. तेव्हा मोटरींच्या पुरवठ्यावर, किमान मूल्य टिपून ठेवणारा मल्टिमीटर लावून व्होल्टेज पाहावे.

वीज खरोखरच जात असेल तर यूपीएस हाच मार्ग आहे. पण फक्त संगणक, नियंत्रक आणि मोटरी यूपीएसवर, आणि राऊटर थेट भिंतीच्या सॉकेटवर, ही प्रचलित मांडणी मला मुळीच मान्य नाही: वीज गेली की राऊटर थांबतो, पण मोटरी थांबलेले बिट लाकडातून ओढत नेतात आणि ते मोडते. यूपीएस राऊटरचा भार पेलत नसेल, तर राऊटरच्या लाइनवर एक रिले (विजेने चालणारा स्विच) लावावा, जो वीज जाताच जीआरबीएलच्या ‘फीड होल्ड’ (सरकणे रोखणाऱ्या) पिनला इशारा देईल. यंत्र वेग कमी करत थांबते आणि जागा लक्षात ठेवते. पुन्हा सुरू करण्यापूर्वी मात्र राऊटर पूर्ण वेगात फिरू द्यावा.