बिनआवाजाची हवा

पौषात तुरीच्या शेंगा भरल्या की आमच्याकडे निम्मं गाव रात्री वावरात असतं. रानडुकरं एका रात्रीत एकरभर तुरीचा चुराडा करतात, उरलेलं रोही तुडवतात. मग माचीवर बसून डबा वाजवायचा, अधूनमधून बॅटरी फिरवायची. याला जागल म्हणतात. दारव्हा तालुक्यातल्या ज्या गावात मी विज्ञान शिकवतो, तिथल्या एका म्हाताऱ्यांना सगळं गाव मामा म्हणतं. गेल्या वर्षी त्यांच्या जागलीला मी दोन-तीन रात्री गेलो होतो. माझं काम शेकोटीत शेंगा भाजणं आणि खाणं, एवढंच.

दुसऱ्या रात्री नाल्याकडून घुमल्यासारखं 'बुऽ हूऽऽऽ' आलं. पहिला सूर तोकडा, दुसरा लांब. तीन-चारदा आलं नि थांबलं. आणि थोड्या वेळानं शेकोटीच्या उजेडात, आमच्या डोक्यांवरून हातभर अंतरावरून, सुपासारखे दोन पंख पसरलेलं काहीतरी गेलं. फडफड नाही, 'सुं' नाही, काही नाही. मी हातातली शेंग तशीच धरून बसलो.

मामा शांतपणे म्हणाले, "पाह्यलं ना गुरुजी? अवाज आला का? नाई ना? जीव असता त अवाज आला असता. पाखरू नाई ते. हवा हाये, हवा."

इथे हवा म्हणजे नायट्रोजन आणि ऑक्सिजनचं मिश्रण नव्हे. ही 'लागते' ती हवा.

मला हे हसण्यावारी नेता आलं नाही, कारण तर्क चोख होता. उडणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा आवाज होतो. पारवा उडाला की टाळ्या वाजवल्यासारखं होतं, मोर उठला की गोणपाट झटकल्यासारखं. एवढं मोठं धूड बिनआवाजाचं जात असेल, तर ते पाखरू नसावं, असंच कुणालाही वाटणार. मामांचं फक्त पहिलं गृहीत चुकलं होतं.

ते होतं शृंगी घुबड. शास्त्रीय नाव बुबो बेंगालेन्सिस. नामकरण १८३१ सालचं. नावात बंगाल असला तरी हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेपर्यंत भारतभर सापडतं. उंची साधारण ५० ते ५५ सेंटिमीटर, वजन एक किलोच्या वर आणि दोनच्या आत, डोळे नारिंगी. डोक्यावरची दोन शिंगं म्हणजे नुसते पिसांचे तुरे. कान वेगळेच, चेहऱ्याच्या बाजूंना पिसांखाली झाकलेले. दाट जंगलापेक्षा त्याला उघडं खडकाळ रान, नाल्याच्या दरडी, सोडून दिलेल्या मुरूम-खाणी आणि शेजारी शेती असा मामला आवडतो. म्हणजे अख्खा कोरडवाहू विदर्भ.

सकाळी नाल्याकाठी गेलो. एका दरडीवर चुन्यासारखे पांढरे ओघळ होते आणि खाली गवतात एक पीस पडलं होतं, वीतभराहून मोठं, मातकट, वर गडद पट्टे. खिशात मुलांचं भिंग होतं. पुढची वीस मिनिटं मी तिथून हललो नाही.

आधी साधं पीस कसं असतं ते पाहू. मधे दांडा, दांड्याला दोन्ही बाजूंनी तंतू, प्रत्येक तंतूला बारीक उपतंतू आणि त्यांना आकडे. हे आकडे शेजारच्या तंतूत अडकतात, बॅगेच्या चेनीसारखे. म्हणून कोंबडीचं पीस विस्कटलं तरी दोन बोटांतून ओढलं की पुन्हा सलग होतं. त्याची कड कागदासारखी धारदार असते.

घुबडाच्या पिसाची मागची कड धारदार नव्हती. तिथल्या तंतूंच्या टोकांना आकडेच नसतात, त्यामुळे ती टोकं सुटी राहतात, जुन्या लुगड्याच्या पदराच्या दशांसारखी. वरचा पृष्ठभाग मखमली. बोट फिरवलं तर पीस आहे की उंदराचं कातडं, कळू नये. भिंगातून दिसलं की ही मखमल म्हणजे उपतंतूंची लांबलेली, उभी राहिलेली टोकं आहेत. तिसरी गोष्ट या पिसात नव्हती, कारण ती पंखाच्या सगळ्यात बाहेरच्या मोठ्या पिसाच्या पुढच्या कडेवर असते: कंगव्यासारखे बारीक, वळलेले दाते. या तिन्ही गोष्टी आर. आर. ग्रॅहम नावाच्या इंग्रज वैमानिकाने १९३४ साली एका शोधलेखात नीट मांडल्या. विमानं फार बोंबलतात, घुबड का नाही, हा त्याचा प्रश्न होता.

आता आवाज येतो कुठून? पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभागालगत सरळ वाहत नाही, बारीक बारीक भोवऱ्यांनी घुसळत जाते. हे भोवरे मोकळ्या हवेत फिरत असते तर फारसा आवाज झाला नसता. पण ते पंखाच्या मागच्या कडेशी पोचतात आणि तिथे पंख एकदम संपतो. आतापर्यंत एका बाजूला भिंत होती, आता दोन्हीकडे मोकळं. दाबातले चढउतार त्या धारदार कडेवर आपटून विखुरतात, आणि विखुरलेला दाब म्हणजेच ध्वनी. १९७० साली फॉक्स विल्यम्स आणि हॉल या दोघांनी याचं गणित मांडलं. अशा कडेवर निघणाऱ्या आवाजाची शक्ती वेगाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात असते. म्हणजे वेग निम्मा केला तर आवाज निम्मा होत नाही, दोनाच्या पाचव्या घाताने घटतो: ३२ पट कमी.

ही ३२ पट मला फार आवडते. हळू उडण्याची एवढी मोठी बक्षिसी! पण हळू उडायचं तर खाली पडायचं नाही, आणि त्यासाठी अंगाच्या मानाने पंख मोठे हवेत. शृंगी घुबडाचे तसे आहेत. पिसं बाजूला केली तर आतलं पाखरू बरंच लहान निघतं. दिसतो तो सगळा पंखांचा आणि मऊ पिसांचा पसारा. म्हणजे निम्मी लढाई दशा आणि मखमल येण्याआधीच जिंकलेली. मग दशा मागची कड बोथट करतात. भिंत एकदम संपत नाही, विरत जाते, आणि दाबाला आपटायला धार मिळत नाही. मखमल पिसावर पीस घासल्याची खरखर मारते आणि हवेलाही थोपटून नेते. पुढच्या दात्यांनी येणारी हवा छोट्या छोट्या धारांत चिरली जाते, पण त्याचा आवाजावर किती परिणाम होतो यावर अभ्यासक अजून भांडतात.

आवाज शून्य होतो असं मात्र नाही. साधारण दोन हजार हर्ट्‌झच्या वरचा आवाज मरतो. खालचा, घुमा भाग थोडा उरतो. आता उंदराचा कान बघा. त्याला उंच पट्टीतलं उत्तम ऐकू येतं, आपल्या कानाच्या पार पलीकडचंही, पण खालच्या पट्टीत तो मंद असतो. उंदराला जे ऐकू येतं नेमकं तेच घुबडाने पुसून टाकलेलं आहे. अमेरिकेच्या वाळवंटातल्या कांगारू-उंदराने यावर तोड काढली. त्याच्या कानामागची हाडाची पोकळी एवढी फुगलेली आहे की त्याला खालचे सूर ऐकू येतात. १९६२ साली डग्लस वेब्स्टर यांनी दाखवलं की झडप घालणाऱ्या घुबडाची ती पुसटशी चाहूल लागताच तो उडी मारून निसटतो. शिवाय दुसरं एक कारण सांगतात: घुबडाला स्वतःलाच ऐकायचं असतं. वाळल्या पऱ्हाटीखालची खसखस ऐकत उडायचं तर स्वतःचे पंख वाजून चालत नाही.

हे सगळं शिकारीसाठीच आहे याचा पुरावा आपल्याच नद्यांवर बसलेला आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात, नवेगाव-नागझिऱ्याकडे तळ्याकाठच्या झाडांवर मत्स्य घुबड दिसतं. शृंगी घुबडाचंच भावकीतलं, जवळपास तेवढंच थोराड, पण डोळे पिवळे आणि पायांवर पिसं नाहीत. तळव्यांना काटेरी खवले, निसटता मासा धरायला. त्याच्या पंखांना या दशा नाहीत. उडताना त्याचा आवाज येतो. मासा पाण्यात, त्याला वरच्या पंखांची 'सुं' कशी कळणार? मग मखमल विणत बसायचं कशाला! मी मुलांना एवढंच सांगतो आणि थांबतो. पुढचं डार्विन त्यांना आपोआप कळतं.

याच पिसांवरून जपान्यांनी धडा घेतला. १९९७ साली धावायला लागलेल्या ५०० मालिकेच्या शिंकान्सेन गाडीच्या छतावर विजेच्या तारेला टेकणारा जो सांगाडा आहे, त्याचा आवाज कमी करायला त्यावर घुबडाच्या दात्यांसारखे उंचवटे काढले. यावरून लगेच 'आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं, म्हणून तर लक्ष्मीने घुबड निवडलं' असा संदेश आमच्या शाळेच्या ग्रुपवर येऊन गेला. पूर्वजांना माहीत असतं तर बैलगाडीचा आस तरी कमी कुरकुरला असता.

आणि लक्ष्मीचं वाहन म्हणून याचं भलं झालंय असंही नाही. दिवाळीच्या अमावस्येला कुणा मांत्रिकाच्या नादी लागून घुबडं पकडली जातात, मारली जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी अक्कल होतीच. दुसरीकडे घुबडाला दगड मारू नये, ते दगड नेऊन पाण्यात टाकतं आणि दगड झिजतो तसा माणूस झिजतो, ही समजूतही गावोगाव आहे. निव्वळ थाप. पण माझ्या शाळेतली गुलेर खिशात घेऊन फिरणारी पोरं पोपटाला, होल्याला, सरड्याला सोडत नाहीत आणि घुबडाला हात लावत नाहीत. या थापेचा खुलासा मी वर्गात दरवर्षी जरा उशिरानेच करतो.

पिसाशेजारी उलटीचे गोळे पडले होते, अंगठ्याएवढे, राखाडी, वाळलेले. घुबड उंदीर शक्यतो अख्खा गिळतं; केस आणि हाडं पचत नाहीत, पोटात दाबून त्यांचा गोळा होतो आणि तोंडावाटे बाहेर पडतो. दोन गोळे कागदात बांधून शाळेत नेले, पाण्यात भिजवले. सातवीच्या मुलांनी बाभळीच्या काट्याने ते उकलले. तीन कवट्या, पाच जबडे, आणि उंदरांचे ते नारिंगी पुढचे दात. एका मुलीने बरगड्या वहीवर ओळीने मांडल्या. कवट्यांवरून जाती मोठ्या अभ्यासकांनी ओळखाव्यात, पण भारतात झालेल्या अभ्यासांत या घुबडाच्या खाण्यात शेतातले उंदीर, हरणउंदीर आणि घूस हेच प्रामुख्याने निघालेत. बाकी तितर, होले, एखादा ससा. 'एक घुबड वर्षाला अमुक हजार उंदीर खातं' असे आकडे फिरतात, त्यांच्यापासून मी लांब असतो. रान, पाऊस, पिल्लं किती, यावर ते बदलतं.

धोका मांत्रिकापेक्षा आपल्या कृषी केंद्रात जास्त आहे. तिथे ब्रोमॅडिओलोन या उंदीर मारायच्या औषधाच्या वड्या मिळतात, हिरव्या-निळ्या. रक्त गोठायला जे 'के' जीवनसत्त्व लागतं त्याचं चक्र हे औषध तोडतं. उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्त, उघड्यावर भेलकांडत फिरतो, म्हणजे घुबडाला वाढून ठेवलेलं ताट. औषध उंदराच्या यकृतात साठतं, तिथून घुबडाच्या. पंखांची सगळी कारागिरी इथे निरुपयोगी. हरभऱ्यात अळीसाठी पक्षीथांबे लावतो, तेच काढणीनंतर धुऱ्यावर ठेवले तर रात्री घुबडं, पिंगळे त्यावर बसतात. हा मामांचा अनुभव आहे, आणि पैसा लागत नाही.

दुसरा धोका चार चाकांवर येतो. शृंगी घुबड घरटं बांधत नाही. दरडीच्या कपारीत नुसती माती उकरून तीन-चार अंडी घालतं, बऱ्याचदा वर्षानुवर्षं त्याच काठावर. पहिलं अंडं पडलं की लगेच उबवायला बसतं, सुमारे ३३ दिवस. त्यामुळे पिल्लं मागेपुढे निघतात आणि लहानमोठी दिसतात. उडता येण्याआधीच ती चालत इकडेतिकडे जातात. लोक त्यांना 'हरवलेली' म्हणून उचलून आणतात. आणू नयेत, आईबाप जवळच असतात. हा सगळा संसार हिवाळा ते उन्हाळा चालतो, आणि नाला खोलीकरणाचा हंगामही नेमका उन्हाळ्याचा.

आमच्या नाल्यावर जेसीबी मार्च संपताना आला. तिसऱ्या दिवशी मामांचा फोन, "गुरुजी, या लवकर." दरडीच्या कपारीत तीन पिल्लं, एक कोंबडीएवढं, एक त्याहून लहान, एक अजून पांढुरकं. मोठ्याने पंख छत्रीसारखे उघडून अंग दुप्पट केलं होतं आणि चोच टकटक वाजवत होतं. मशीनवरचा पोरगा मशीन बंद करून पार बांधावर जाऊन उभा होता. मी त्याला पंख, पिसं, उंदीर, सगळं समजावून सांगितलं. तो मान हलवत होता, पण बघत होता मामांकडे. शेवटी सरपंच आले, कपारीजवळच्या बाभळीपासून वीसेक फूट काठ सोडायचा ठरला.

पावसाळ्याआधी काम संपलं. नाला आता सरळ, खोल आणि उघडाबोडका आहे. फक्त त्या बाभळीपाशी काठ वेडावाकडा बाहेर आलाय. मोजमाप घ्यायला आलेल्या साहेबांनी टेप खाली ठेवून विचारलं, इथे काम का सोडलं?

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामा पुढे झाले.

"तिथं हवा रायते, सायेब."

साहेबांनी नाल्याकडे बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि टेप उचलून पुढे गेले.